अकरा हत्यारांचा चोर

त्या रविवारी देवजीशेटना एकच काम दिलेलं होतं, ते म्हणजे तोंड बंद ठेवणं. बाकी सगळं मालतीबाई बघणार होत्या. जिताडा माशाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, लेक रंजिताची साडी, नव्या कपबश्या. शेजारच्या सारसोळे गावचे दिनानाथशेट लग्नाची तारीख धरायला येणार होते आणि त्यांच्यासमोर होळी हा शब्दसुद्धा काढायचा नाही, हे नवऱ्याला सकाळपासून पाचव्यांदा बजावून झालं होतं.

"मी कशाला काडतंय? मना येड लागलाय काय?" देवजीशेट म्हणाले.

"येड नाय लागलं. तुमाला बढाई मारायचा रोग हाय," मालतीबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

बाई खोटं बोलत नव्हत्या. आज करावे गावात तीन मजली इमारत, खाली दोन गाळे, वर चार भाडेकरू, असा देवजीशेटचा रुबाब होता. पण अडतीस वर्षांपूर्वी, विशीतला देवजी म्हणजे खाडीकाठचा एक नंबरचा होळीचोर होता. होळीची लाकडं विकत आणायची नसतात, चोरूनच आणायची, ही रीत. मोडकी खाट, कुंपणाचा खांब, कुणाचा तरी ओंडका. सकाळी ज्याचं गेलं तो दोन शिव्या घालतो आणि संध्याकाळी त्याच होळीभोवती नाचतो. ह्या रीतीत सगळं बसतं, पण राहत्या घराचं दार बसत नाही. देवजीनं दार नेलं होतं. आदल्या वर्षी सारसोळ्याच्या पोरांनी त्याच्या होडीची डोलकाठी पळवली होती, तो राग डोक्यात होता. म्हणून सारसोळ्यातलं सगळ्यात देखणं दार त्यानं हेरलं, उचललं आणि होळीत घातलं. कुणी केलं ते कुणालाच कळलं नाही. देवजीनं ते फक्त एका माणसाला सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, नव्या बायकोवर छाप पाडायला. छाप काही पडली नाही.

ते घर दिनानाथशेटच्या बापाचं. आता दिनानाथशेट रेतीखडीचे मोठे व्यापारी होते, पन्नाशीला आले होते, पण चार माणसं जमली की अजून ते दार काढायचे. "ज्यानं आमचं दार नेलं, त्याच्याशी सोयरीक सोडा, त्याच्या सावलीला उभा नाय रानार," असं बोलायचे. आणि नेमकं त्यांच्याच मुलाशी, कुंदनशी, रंजितानं वाशीच्या कॉम्प्युटर क्लासात जमवलं होतं. मुंबईत आणि नव्या मुंबईत मिळून लाखभर पोरं असतील. पण नशीब म्हणतात ते असं.

जेवण मात्र फक्कड झालं. दिनानाथशेटनी चार भाकऱ्या खाल्ल्या, जिताड्याचं डोकं स्वतः मागून घेतलं. पंचांगवाले भटजी पाचला येणार होते. तोवर वर गच्चीत उन्हाला बसू म्हणून दोघे व्याही वर गेले. डिसेंबरचं ऊन, खाडीवरचा वारा आणि पोटात चार भाकऱ्या. दिनानाथशेट वेताच्या खुर्चीत टेकले, रुमाल तोंडावर टाकला आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. देवजीशेटनी सुटकेचा श्वास सोडला. झोपलेल्या व्याह्यासमोर तोंड बंद ठेवायला काही कष्ट पडत नाहीत.

पण गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या शेडखाली, पोरांचा खेळ रंगात आला होता.

दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू फजलभाई जासईच्या कंटेनर यार्डात क्लिअरिंगचं काम बघत. त्यांचा मुलगा नौमान इंजिनिअरिंगला होता. त्याच्या बोटीवरच्या मामानं सिंगापूरहून एक निळ्या पुठ्ठ्याचं जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यात राक्षस, मांत्रिक, किल्ले आणि त्या सगळ्यांचे नियम. नौमान गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. कोण काय करतो ते तोंडानं सांगायचं आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा, आकडा मोठा तर जमलं. रंजिता कुऱ्हाडवाली योद्धा होती. नौमानची बहीण नाझिया जादूगार होती. तिसरा मित्र रायान, त्याचा चोर. पण रायानला गेल्या आठवड्यात दोह्याला नोकरी लागली आणि तो विमानात बसला. त्याचा चोर मागे राहिला, कागदावर, खजिन्याच्या दारासमोर.

"चोराशिवाय हे दार उघडणारच नाही," नौमान म्हणत होता. "संपलं. वर्षभराचा खेळ इथंच अडकला."

"अरे तूच खेळव ना चोराला," रंजिता म्हणाली. "सामान तर सगळं आहे त्याच्याकडे. अकरा हत्यारं आहेत!"

हत्यारं म्हटल्यावर देवजीशेटचा कान तिकडे वळला. कान वळला की पायही वळतात. ते उठले, रंजिताच्या खांद्यावरून कागदात डोकावले आणि म्हणाले, "वाच बघू."

रंजितानं वाचलं. कुलपं उघडायचे तारेचे आकडे. पहार. गळ बांधलेला दोर. झाकणाचा कंदील. छोटा आरसा. करवत. मेण. खडू. तेलाची कुपी. भिंतीला लावून ऐकायची नळी. पाठलाग करणाऱ्याच्या पायाखाली टाकायचे लोखंडी काटे.

"ह्यो चोर हाय की हार्डवेअरचा दुकानदार?" देवजीशेट म्हणाले.

"काका, पुस्तकात असंच दिलंय," नौमान म्हणाला.

"पुस्तक लिवनारा कंदी चोरी कराला गेलाय काय? एवढं लोखंड घेऊन मानूस चालला तर गावची सगली कुत्री मागं लागतील. खडू कशाला? शाला भरवायची हाय?"

नाझिया हसली. नौमानला मात्र राग आला. वर्षभर रात्री जागून त्यानं तो किल्ला रचला होता. "मग तुम्हीच बसा काका. रायानच्या जागी. उघडून दाखवा दार."

देवजीशेटनी मागे वळून पाहिलं. रुमाल व्यवस्थित वरखाली होत होता. घोरण्याला ताल होता. त्यांनी मनाशी हिशेब मांडला. हा खेळ. त्यात मांत्रिक राजा आणि किल्ला. सारसोळं नाही, होळी नाही. बायकोला दिलेला शब्द कुठेच मोडत नव्हता. असे हिशेब माणूस मांडायला लागला की समजावं, तो बसणारच आहे. देवजीशेट बसले.

नौमाननं आवाज खाली नेला. "मध्यरात्र आहे. किल्ल्यात सामसूम. समोर खजिन्याचं दार. सागवानी. त्यावर पितळी कुलूप, नारळाएवढं."

"मध्यरात्र कशाला? दुपार कर," देवजीशेट म्हणाले. "तीन वाजले."

"दुपारी कोण चोरी करतं?"

"दुपारीच करायची. रातचा चोर येनार म्हनून सगली जागी. दुपारी तीनला मानसं कामावर, म्हातारी झोपलेली, कुत्रा सावलीला. आनि उजेडात सामान घेऊन चाललेल्या मानसाला कोन इचारतंय? त्याला कामाचा मानूस बोलतात."

नौमाननं पुस्तक चाळलं. दुपारविरुद्ध नियम सापडला नाही. दुपार झाली.

"आता कुलूप," तो म्हणाला. "आकडे काढा. फासा टाका."

"कुलपाला हात लावायचा नाय. कुलूप त्याच्या जागी बरं हाय. दार बिजागरीचं की खुंटाचं?"

नौमाननं पुन्हा पानं उलटली. पुस्तकात बिजागरी नव्हती आणि खुंटाचं दार काय असतं हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. सिमेंटच्या इमारतीत जन्म काढलेल्या पोराला खुंट काय ठाऊक?

"बाबा, खुंटाचं धरा," रंजिता म्हणाली. "नाहीतर भटजी येतील तरी आपण इथंच."

देवजीशेटच्या अंगात मग जे आलं ते बऱ्याच वर्षांनी आलं. ते पाटावर पुढे सरले आणि हातांनी हवेत दार उभं केलं. जुन्या दाराला खाली एक खुंट, तो दगडाच्या उखळीत फिरतो. वर एक खुंट, तो चौकटीच्या भोकात. वरच्या भोकात बोटभर जागा जास्त ठेवलेली असते, कारण पावसात लाकूड फुगतं. तेवढी बोटभर जागा हीच चोराची. उखळीत तेल सोडायचं. दाराखाली वल्ह्याचा तुकडा सारायचा, त्यावर ओलं गोणपाट, म्हणजे आवाज नाही आणि वणही नाही. वल्ह्यावर पाय द्यायचा. दार बोटभर वर उठतं, खालचा खुंट सुटतो आणि पुरं दार आपल्या अंगावर येतं, लहान पोरासारखं. कडीचं टोक फळीत ठोकलेलं असतं, ते हळूच उपसायचं. कडी आणि कुलूप चौकटीलाच लटकत ठेवायचं.

"कुलूप शाबूत, दार गायब," देवजीशेट म्हणाले आणि स्वतःवरच खूश होऊन हसले.

"वल्हं आणि गोणपाट कागदावर नाहीये," नौमान म्हणाला. पण नाझियानं पेन्सिलनं तोवर लिहूनही टाकलं होतं. फासा टाकला. सतरा. दार निघालं. दोघी पोरींनी टाळ्या पिटल्या.

"चला आता आत!" नाझिया म्हणाली. "सोनं, हिरे, मांत्रिकाची अंगठी!"

"आत कोन जातंय?" देवजीशेट म्हणाले. "दार डोक्यावर घ्यायचं आनि चालाला लागायचं."

नाझियानं पेन्सिल खाली ठेवली.

"काका," नौमान हळू आवाजात म्हणाला, "आत खजिना आहे."

"असूंदे. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला हात लावला तर ती चोरी झाली. आमी फक्त लाकूड नेतो."

वर्षभर ज्या खजिन्यासाठी तीन राक्षस मारले, एक नदी ओलांडली, तो उघडा टाकून रायानचा चोर दार घेऊन निघाला. रंजितानं कपाळावर हात मारला, पण तिला आता पुढचं ऐकायचं होतं. नौमाननं पुस्तकातला वजनाचा तक्ता काढला. चोरानं किती वजन उचलायचं ह्याचा नियम होता. अकरा हत्यारं आणि वर दार, हे काही बसत नव्हतं.

"मग टाका सगली हत्यारं," देवजीशेट म्हणाले. रंजितानं एकेक खोडायला सुरुवात केली. आकडे गेले, पहार गेली, आरसा, करवत, नळी, काटे, सगळे गेले. तेलाची कुपी त्यांनी ठेवायला सांगितली, ती नावडली नव्हती. दारावर जाळी टाकायला सांगितली, चारी बाजूंनी खाली सोडलेली, म्हणजे आतला माणूस गुडघ्यापासून खाली तेवढा दिसतो.

नौमानला आता ह्या म्हाताऱ्याला अडवायचंच होतं. "समोरून पहारेकरी येतोय," तो म्हणाला. "राजाचा स्वतःचा पहारेकरी. हातात भाला."

"येऊंदे. दार मानेवरून घसरतंय. त्यालाच सांगायचं, हात लाव जरा."

फासा टाकला. वीस. विसाच्या पुढे फाशाला जागाच नाही. नियमानं पहारेकऱ्यानं हात लावायलाच हवा होता.

"नाही, नाही, नाही," नौमान उभाच राहिला. "काहीतरी लिमिट असतं, काका! स्वतःच्या घराचं दार चोराच्या डोक्यावर कोण चढवून देईल? एवढा बावळट माणूस जगात असतो का?"

"असतो!" देवजीशेट ताडकन म्हणाले. कारागिराला तू खोटं काम करतोस म्हटलं की त्याचा तोल जातो. "मना इचार! भरदुपारी, सारसोळ्याच्या बांधावर! दार डोक्यावर, जाळी तोंडावर, मान मोडाला आलेली. आनि समोरून घरचाच पोरगा. दहाबारा वर्साचा, हातात रॉकेलचा डबा. आवाज घोगरा केला नि म्हटलं, ए पोरा, हात लाव. त्यानं डबा खाली ठेवला, हात चड्डीला पुसले नि सोताच्या घराचं दार माज्या डोक्यावर नीट बसवून दिलं! आनि वर मना काय बोलतो, काका, संभालून जा—"

"पुढं बांध फुटलाय," खुर्चीतून आवाज आला. "डावीकडशी जा."

घोरणं कधी थांबलं होतं ते शेडखाली कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. रुमाल अजून तोंडावर होता. त्याच्या आडून दिनानाथशेट बोलले होते.

देवजीशेटचे हात हवेत तसेच राहिले, दार धरलेले. बायको सकाळपासून सांगत होती आणि ह्या शहाण्यानं आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. रंजिता उठून उभी राहिली. तिला बापाची ही करणी नवी होती, पण सारसोळं कुणाचं आणि दार कुणाचं, हे सांगायला तिला भटजी नको होता. जिन्यातून चहाचा ट्रे घेऊन मालतीबाई वर आल्या, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्रे खाली ठेवला.

"बोललात," त्या एवढंच म्हणाल्या.

दिनानाथशेटनी रुमाल काढला, त्याची घडी केली, खिशात ठेवली. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"काका बोललो मी तुला," ते म्हणाले. "अडतीस वर्सं झाली. काका बोललो."

"दिनानाथशेट, माझं चुकलं," देवजीशेट म्हणाले. आवाज आता खरोखरच घोगरा झाला होता. "दुसऱ्या दिवशी मी आलतो तुमच्या आलीत. लांबूनच बघितलं. तुमच्या आईनं चौकटीला लुगडं बांधलं होतं. दार जलताना पन मी बघितलं नाय. तोंड फिरवून उभा रायलो. पोर तुमच्या घरात द्यायची म्हटली तेव्हापासून झोप नाय मना. पन तिची चूक नाय. मना काय बोलायचं ते बोला."

दिनानाथशेट उठून शेडखाली आले. नाझिया आपोआप बाजूला सरकली. ते तिच्या जागेवर बसले, देवजीशेटच्या समोर.

"मी घरी गेलो तर दार नाय," ते म्हणाले. "आई रडतेय. बाप बोलतो, कोन आलता, कुनी बघितलं? आनि मना कललं, मी काय उचलून दिलं ते. बोलू कसा? मी बोललो, मना ठाव नाय. मंग जलमभर त्या चोराला शिव्या घातल्या, म्हंजे कुनी इचाराला नको, तू तवा कुठं होतास. कुंदनच्या आईला पन नाय सांगितलं."

नौमाननं हळूच फासा खिशात घातला. खेळ बंद झाला की अजून चालू आहे, हे त्याला कळत नव्हतं.

"बाबा," रंजितानं धीर केला. हाक बापाला होती, पण बघत ती दिनानाथशेटकडे होती. "आता तारखेचं?"

दिनानाथशेटनी ते ऐकलंच नाही. ते देवजीशेटच्या हातांकडे बघत होते. ते हात अजून थोडे वरच होते.

"त्याच्यावर काय कोरलेलं होतं?" त्यांनी विचारलं. "माझा भाऊ बोलतो, मोर. बहीन बोलते, कमल. आई असती तर तिला इचारलं असतं. जुनं घर पाडलं, फोटो एक पन नाय. मना काहीच डोल्यासमोर येत नाय. फक्त तुजे पाय येतात, जाळीखालचे."

देवजीशेटना आठवावं लागलं नाही. दोन मैल ते नक्षीकाम त्यांच्या टाळूला लागलं होतं.

"मासे," ते म्हणाले. "दोन मासे, तोंडाला तोंड लावून. वर लाटा, तीन. डावीकडच्या माशाचं शेपूट तुटलेलं."

दिनानाथशेटनी डोळे मिटले. मोठा माणूस, रेतीच्या चार गाड्यांचा मालक, तोंड वेडंवाकडं करून बसला.

"शेपूट मी तोडलं होतं," ते म्हणाले. "खिल्यानं. आईनं मारलं होतं मना."

मालतीबाईंनी चहा ओतला, कुणाच्या हातात काय जातंय हे न बघता. दिनानाथशेटनी नौमानचा चौकटीचौकटीचा कागद ओढून घेतला. त्यावर किल्ला होता, तो त्यांनी उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिल ठेवली.

"कुंदनसाठी वरचा मजला बांधतोय. सुतार सनमायकाचं दार बसवतोय, गुलगुलीत. मना नको ते. देवज्या, काढ हिकडं. उंची किती, खुंट कुठं, मासे कसे, सगलं काढ. तुज्याशिवाय ते दार ध्यानात असलेला मानूस आता कोन रायलाय?"

देवजीशेटनी पेन्सिल हातात घेतली. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरीही गेली. दिनानाथशेट वाकून बघत होते आणि चौकट जास्त रुंद झाली म्हणून भांडत होते.

"पन भटजी येतील आता," मालतीबाई न राहवून म्हणाल्या. "तारीख धरायची हाय की नाय, ते तरी सांगा."

"धरू ना," दिनानाथशेट मान वर न करता म्हणाले. "पन आधी दार होऊंदे, वहिनी. नायतर पोर घरात येनार कुठून?"